चाकांवरची तोफ : कॅनडाचा शंभर वर्षांचा हिशेब

कॅनडाच्या लष्कराकडे २००५ पासून स्वतःच्या इंजिनावर चालणारी एकही हॉवित्झर नाही. त्या वर्षी अमेरिकी बनावटीच्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या एम-१०९ तोफा निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ आल्या त्या ओढून न्याव्या लागणाऱ्या एम-७७७. अशा ३७ तोफा घेतल्या, त्यातल्या चार २०२२ मध्ये युक्रेनला दिल्या. आता लष्कराला पुन्हा १५५ मिलिमीटरची स्वयंचलित तोफ हवी आहे आणि तोफखान्यापुढे जुनाच प्रश्न उभा आहे : चाकांवरची घ्यायची की पट्ट्यांवरची?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीत झालेल्या समारंभात हीच एम-७७७ आपल्या तोफखान्यात दाखल झाली आणि तिच्याच शेजारी पट्ट्यांवरची के-९ वज्र उभी होती. तिसरा प्रकार, म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसवलेली तोफ, आपल्याकडे अजून यायची आहे. तिचे काम अहिल्यानगर आणि पुण्यात चालू आहे. म्हणून कॅनडाचा अनुभव नीट वाचावा. त्यातही एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मोटारीवर शस्त्र चढवून लढणारे पथक, तोफेचा पल्ला दुपटीहून अधिक वाढवणारी रचना आणि आठ चाकांची चिलखती गाडी या तिन्ही गोष्टी कॅनडात घडल्या किंवा तिथे वाढल्या. त्या एकत्र करून चाकी तोफ बनवण्याचे काम मात्र त्या देशाने कधी केले नाही.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून होते. रेमों ब्रुटिनेल हा मूळचा फ्रेंच माणूस कॅनडात येऊन धनवान झाला होता. युद्ध पेटताच १९१४ मध्ये त्याने सरकारपुढे कल्पना मांडली, की मशीनगन घोड्यांवर किंवा खांद्यावर वाहण्यापेक्षा चिलखत लावलेल्या मोटारींवर बसवाव्यात. क्लिफर्ड सिफ्टन या राजकारण्याने पाठबळ दिले, पेनसिल्व्हेनियातल्या ऑटोकार कंपनीकडून गाड्या बनवून घेतल्या आणि त्याच शरद ऋतूत पथक युरोपला रवाना झाले. खंदकांच्या युद्धात या गाड्यांना वर्षानुवर्षे फारसे काम मिळाले नाही. मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी ब्रिटिशांची फळी फोडली, तेव्हा कोसळणाऱ्या आघाडीवर धावून जायला त्याच उपयोगी पडल्या. ८ ऑगस्ट १९१८ ला आमियाँच्या लढाईत ब्रुटिनेलच्या स्वतंत्र दलाने रस्ता धरून मुसंडी मारली. त्या दलात मशीनगनच्या गाड्या होत्या, सायकलस्वार होते आणि लॉऱ्यांवर बसवलेले सहा इंची मॉर्टरही होते. स्वतःच्या चाकांवर चालणारा तोफखाना हाच. ब्रुटिनेलची एक ऑटोकार आज ओटावाच्या युद्ध संग्रहालयात उभी आहे.

पण हा धागा पुढे तुटला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली. विंडसरच्या फोर्ड आणि ओशावाच्या जनरल मोटर्स कारखान्यांतून निघालेले ट्रक उत्तर आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत फिरले. भारतात त्यांच्या चेसिसवर देशी चिलखती गाड्याही उभ्या राहिल्या, त्यांचा चिलखती पत्रा टाटांच्या जमशेदपूरचा. वाळवंटात कॅनेडियन ट्रकच्या पाठीवर दोन-पौंडी रणगाडाभेदी तोफ ठेवून लढण्याची रीत रूढ झाली. मात्र कॅनडाने स्वतःची खरी स्वयंचलित तोफ बनवली, ती ‘सेक्स्टन’, रणगाड्याच्या पट्ट्यांवर. क्वेबेकमधल्या सोरेल इथे माँट्रियल लोकोमोटिव्ह वर्क्सने २५-पौंडी तोफ रॅम रणगाड्याच्या सांगाड्यावर चढवली आणि १९४३ ते १९४५ या काळात अशा २,१५० तोफा बनवल्या. ट्रक मुबलक असूनही पट्टे का निवडले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण चाकी तोफेच्या रचनेतली मुख्य अडचण त्यातच आहे.

तोफेची नळी कॅलिबरमध्ये मोजतात, म्हणजे तिच्या व्यासाच्या किती पट लांब ते पाहतात. १५५ मिलिमीटरची ३९ कॅलिबरची नळी सहा मीटरची होते, ४५ ची सात मीटरची आणि ५२ ची आठ मीटरची. नळी जितकी लांब तितका वायूंना गोळा ढकलायला वेळ अधिक मिळतो, वेग वाढतो आणि पल्लाही. आजच्या ५२ कॅलिबरच्या तोफेतून साधारण ४५ किलोचा गोळा सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. हिशेब मांडून पाहा. अठरा टनांची गाडी निसरड्या बर्फावर ब्रेक न लावता उभी आहे असे धरले, तर केवळ गोळ्याच्या प्रतिक्रियेने ती ताशी आठ किलोमीटर वेगाने मागे जाऊ लागेल. सत्तेचाळीस टनांची गाडी ताशी तीन किलोमीटरने जाईल. दारूच्या वायूंचा धक्का वेगळाच.

हा धक्का जिरवायला नळी मागे सरकवणारी तेल-वायूची यंत्रणा असते, नळीच्या तोंडाशी वायू बाजूला वळवणारा मझल ब्रेक असतो. उरलेला जोर गाडीने सोसायचा. रणगाड्याचे पट्टे जमिनीला लांबलचक चिकटलेले असतात, गाडी बसकी आणि जड असते, त्यामुळे ती कोणत्याही दिशेला मारा करून जागेवर राहते. चाकी गाडी उंच असते आणि टायर व स्प्रिंगा धक्क्याने दबतात, उसळतात. दुसरा गोळा सोडायच्या वेळी नळी पहिल्या जागी आलेली नसेल तर नेम चुकणारच. म्हणून चाकी तोफ मारा करण्याआधी पाय टेकते : मागे जमिनीत लोखंडी फाळ रोवला जातो किंवा हायड्रॉलिक आधार खाली उतरतात. हे सारे पटकन, माणसाने खाली न उतरता करता येणे, ही चाकी तोफेच्या रचनाकारांची गेल्या पन्नास वर्षांची धडपड आहे. सोव्हिएत गटात तिला पहिले मोठे यश चेकोस्लोव्हाकियात आले. टाट्राच्या आठ चाकी ट्रकवरची १५२ मिलिमीटरची ‘दाना’ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यात आली. गोळा भरण्याची यंत्रणाही आपोआप चालणारी. सोव्हिएत पट्टेवाल्या तोफेऐवजी आपल्याच देशातल्या ट्रकवर तोफ चढवण्याचा हा निर्णय पुढे अनेकांना वाट दाखवणारा ठरला.

आता कॅनडाच्या सर्वांत गाजलेल्या तोफशास्त्रज्ञाकडे वळतो. जेराल्ड बुल १९२८ मध्ये ऑन्टारिओतल्या नॉर्थ बे इथे जन्मला. टोरोंटो विद्यापीठातून वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली तेव्हा तो विशीच्या पहिल्या वर्षांत होता. क्वेबेक शहराजवळच्या व्हालकार्टिये इथल्या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेत काही वर्षे काढून तो मॅकगिल विद्यापीठात आला. अग्निबाणाऐवजी तोफेने अवकाशापर्यंत यंत्रे पाठवता येतील, अशी त्याची खात्री होती. अमेरिकी युद्धनौकांच्या १६ इंची नळ्या जोडून बार्बाडोसमध्ये चाचण्या झाल्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये अॅरिझोनातल्या युमा इथे डागलेला गोळा १८० किलोमीटर उंच गेला. पुढच्याच वर्षी सरकारने पैसा बंद केला आणि प्रकल्प मेला.

बुलने मग क्वेबेक आणि व्हर्मॉन्टच्या सीमेवर, हायवॉटर इथे, स्वतःची स्पेस रिसर्च कॉर्पोरेशन उभी केली. आपले सारे ज्ञान त्याने आता लढाऊ तोफेत ओतले. जुना गोळा बुटका आणि मध्यभागी जाड असायचा. बुलने तो लांब, निमुळता केला. इतका निमुळता, की नळीत तो सरळ राहावा म्हणून अंगावर छोटे उंचवटे ठेवावे लागले. उडणाऱ्या गोळ्यामागे हवेची पोकळी तयार होते आणि ती त्याला मागे ओढते. त्या जागी जळत राहून वायू सोडणारी छोटी कुपी बसवली की ओढ कमी होते. या दोन्ही गोष्टींना जोडून त्याने ४५ कॅलिबरची नळी तयार केली. तोफेचे नाव जीसी-४५, म्हणजे गन, कॅनडा, ४५ कॅलिबर. अमेरिकेची जुनी एम-११४ तोफ साडेचौदा किलोमीटर मारायची. बुलची तोफ साध्या नव्या गोळ्याने तीस आणि वायुकुपीच्या गोळ्याने एकोणचाळीस किलोमीटरपर्यंत जाऊ लागली. हे काम अस्सल दर्जाचे होते, त्यात शंका नाही. आज जगातल्या बहुतेक १५५ मिलिमीटर तोफांच्या लांब नळ्या आणि निमुळते गोळे याच विचाराच्या वाटेवर आहेत.

कॅनडाच्या लष्कराने ही तोफ घेतली नाही. ती घेतली दक्षिण आफ्रिकेने. १९७५ मध्ये अंगोलात त्यांच्या जुन्या २५-पौंडी तोफा सोव्हिएत १३० मिलिमीटरच्या तोफांपुढे आखूड पडल्या होत्या. वर्णभेदी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांनी १९७७ मध्ये शस्त्रबंदी घातली, तरी बुलच्या कंपनीचे गोळे आणि तंत्र तिकडे जात राहिले. १९८० मध्ये बुलने अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तुरुंगवास भोगला. बाहेर आल्यावर ब्रसेल्सला गेला, इराकसाठी काम करू लागला, अजस्र तोफ बांधायला निघाला आणि २२ मार्च १९९० रोजी आपल्या फ्लॅटच्या दारात गोळ्या घालून मारला गेला. मारेकरी सापडले नाहीत. या माणसाची कर्तबगारी थोर होती, पण ती कोणाच्या हाती पडते याचा विचार त्याने केला नाही आणि त्याच्या देशानेही त्याला वेळेवर योग्य काम दिले नाही. त्याची किंमत अंगोलातल्या माणसांनी मोजली, हे विसरून त्याच्या तोफेचे कौतुक करू नये.

दक्षिण आफ्रिकेने बुलच्या नळीपासून प्रथम जी-५ ही ओढायची तोफ आणि मग जी-६ ही सहा चाकी स्वयंचलित तोफ घडवली. इथे चाके का, याचे उत्तर भूमीत आहे. नामिबियाच्या उत्तर सीमेपर्यंतचे अंतर शेकडो किलोमीटरचे, रस्ते कच्चे, झुडपे दाट आणि जागोजागी सुरुंग. पट्टा तुटला की रणगाडा जागीच बसतो, सहांतले एक चाक उडाले तरी गाडी निघू शकते. जी-६ चे वजन ४७ टनांच्या घरात. चालक एकटाच पुढच्या दोन चाकांच्या मधोमध, मोठ्या काचांमागे बसतो, बाकीचे पाच जण बुरुजात. रस्त्यावर ती ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगाने धावते आणि एका टाकीत सातशे किलोमीटर जाते. १९८७ मध्ये तिच्या चाचणी-तोफा अंगोलात लढल्या, पुढे संयुक्त अरब अमिरातीने आणि ओमानने ती विकत घेतली. इराकने १९८९ मध्ये बगदादच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘माजनून’ आणि ‘अल-फाव’ या चाकी तोफांतही बुलचाच हात होता. म्हणजे कॅनेडियन नळी अनेक देशांच्या चाकांवर चढली, कॅनडाच्या मात्र नाही.

चाकांची बाजू कॅनडात कमजोर होती असेही नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑन्टारिओतल्या लंडन शहरात जनरल मोटर्सच्या डिझेल विभागाने स्विस मोवाग कंपनीच्या ‘पिरान्हा’ रचनेवरून सहा चाकी चिलखती गाड्या बनवायला घेतल्या. त्यातल्या ‘कूगर’वर ७६ मिलिमीटरची तोफ होती, पण ती समोरासमोर डागायची. आठ चाकी ‘बायसन’चा एक प्रकार ८१ मिलिमीटरचे मॉर्टर वाहणारा होता. याच कारखान्यातून अमेरिकी मरीन दलाची एलएव्ही निघाली, कॅनडाची एलएव्ही-३ आणि आताची एलएव्ही-६ निघाली, अमेरिकी स्ट्रायकरही याच घराण्यातली. इतका अनुभव गाठीशी असताना २००३ मध्ये सरकारने एक घाईचा निर्णय घेतला. १०५ मिलिमीटर तोफेच्या ६६ स्ट्रायकर गाड्या घेऊन लेपर्ड रणगाडे मोडीत काढायचे ठरले. तीन वर्षांत अफगाणिस्तानातल्या कंदाहारमध्ये रणगाडे पाठवायची वेळ आली आणि ती खरेदी रद्द झाली. दोष चाकांचा नव्हता. शत्रूच्या समोर उभे राहून मार खाण्याचे काम रणगाड्याचे, पंधरा-वीस किलोमीटर मागून मारा करण्याचे काम हॉवित्झरचे. पहिले काम चाकांवर ढकलले म्हणून ते फसले, आणि चाकांचे नाव उगाच बदनाम झाले.

कंदाहारमध्ये एम-७७७ ने चांगली कामगिरी केली. ४,२०० किलोंची टायटॅनियमची तोफ चिनूकखाली लटकवून डोंगरावर नेता येते, हा मोठा गुण. पण तिच्याभोवती सात-आठ माणसे उघड्यावर राबतात. तालिबानकडे त्यांना उलट गोळे घालायला तोफखाना नव्हता म्हणून ते निभावले.

कॅनडातला तोफची चाकांवरच कसा जगतो, ते पाहायचे तर ब्रिटिश कोलंबियातली रॉजर्स खिंड पाहावी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर हिवाळ्यात लष्कराचे पथक १०५ मिलिमीटरची हॉवित्झर घेऊन तिथे मुक्काम करते. डोंगरावर बर्फ साचून कोसळण्याच्या बेताला आले की राष्ट्रीय उद्यानाचे हिमतज्ज्ञ सांगतात, महामार्ग आणि रेल्वे थांबवतात. ट्रकमागे जोडलेली तोफ रस्त्याकडेच्या ठरलेल्या जागी येते. कोणत्या उतारावर किती अंशांनी मारायचे त्याच्या नोंदी आधीच तयार असतात. गोळा सुटतो, बर्फ मुद्दाम खाली पाडला जातो, तोफ पुन्हा ट्रकला जोडून पुढच्या जागेकडे निघते. रस्ता धरून जाणे, थांबणे, मारणे, निघणे, हे सारे चाकी तोफेचेच काम आहे. फक्त जोडणे-सोडणे मध्ये येते आणि ते उणे वीस अंशांत हातांनी करावे लागते.

हा जोडण्या-सोडण्याचा वेळच युक्रेनमध्ये जीवघेणा ठरला. गोळा हवेत असतानाच शत्रूचे रडार त्याचा मार्ग मोजते आणि काही मिनिटांत उत्तर येते. तोफ तोवर तिथून हललेली हवी. फ्रान्सची ‘सीझर’ साधारण अठरा टनांची, सहा चाकी ट्रकवरची, पाच जणांची. ती हलकी, स्वस्त आणि मालवाहू विमानात मावणारी आहे, पण गोळा भरायला माणसे खाली उतरतात आणि नळी डावी-उजवीकडे थोडीच फिरते. स्वीडनच्या ‘आर्चर’मध्ये तीन-चार जण केबिनमध्येच बसून राहतात आणि एकवीस गोळ्यांचे कोठार आपोआप नळी भरते. तिचा वंश आपल्या ओळखीचा आहे : कारगिलमध्ये गाजलेल्या बोफोर्सच्या एफएच-७७ चाच तो पुढचा अवतार. जर्मनीची आरसीएच-१५५ ही ‘बॉक्सर’ या आठ चाकी चिलखती गाडीवरची, दोन माणसांची आणि चालता चालता मारा करू शकणारी. फाळ रोवण्याची गरजच तिथे संपत आली आहे. युक्रेनची स्वतःची ‘बोहदाना’ही ट्रकवरचीच. युद्धाच्या धामधुमीतही ती बनत राहते, कारण तिला रणगाड्याचा कारखाना लागत नाही.

याच युद्धाने चाकांची कच्ची बाजूही दाखवली. वसंतातल्या चिखलात ट्रक रुततो, पट्टे निघून जातात. डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असेल तर पळणारी तोफही त्याला दिसते, आणि पातळ पत्र्याची केबिन गोळ्याच्या कपच्या थांबवत नाही. म्हणून झाडीत दडणे आणि जाळीखाली राहणे पुन्हा महत्त्वाचे झाले.

कॅनडाचे सैन्य आज लाटव्हियात नाटोच्या बहुराष्ट्रीय ब्रिगेडचे नेतृत्व करते. तिथे जंगल आहे, दलदल आहे आणि रस्त्यांचे जाळेही आहे. घरी मॅनिटोबातल्या शायलोपासून न्यू ब्रन्सविकमधल्या गेजटाउनपर्यंत तोफखान्याची ठाणी हजारो किलोमीटरवर विखुरलेली. पट्ट्यांच्या तोफेला इतक्या अंतरासाठी ट्रेलर लागतात, रेल्वे लागते. शिवाय कॅनडाच्या सैन्यात माणसांचा तुटवडा आहे. एका एम-७७७ च्या माणसांत दोन आर्चर चालतात. कडाक्याच्या थंडीत बंद केबिनमध्ये बसलेला तोफची अधिक काळ अधिक नेमके काम करतो, याला युद्धशास्त्राच्या पदवीची गरज नाही. माझे मत स्पष्ट आहे : कॅनडाने बंद केबिनची, आपोआप गोळा भरणारी चाकी तोफ घ्यावी, आणि उत्तरेच्या बेटांवर विमानाने न्यायला एम-७७७ ठेवाव्यात. पट्ट्यांची तोफ लेपर्डच्या बरोबरीने धावायला चांगली, पण एवढ्याशा रणगाडा दलासाठी तिचा वेगळा संसार थाटणे परवडणारे नाही.

आणखी एक. स्वित्झर्लंडने २०२४ मध्ये जर्मन तोफ-बुरुज ‘पिरान्हा’च्या दहा चाकी गाडीवर बसवायचे ठरवले. म्हणजे लंडनच्या कारखान्याच्या भाऊबंदांतली गाडी हे ओझे पेलते. गोळ्यांचे सांगाडे ऑन्टारिओतल्या इंगरसोलमध्ये, बाकीचे काम क्वेबेकमध्ये होतेच. तयार तोफ पेटीतून बाहेर काढण्यापेक्षा आपल्या चाकांवर ती चढवण्याची अट कॅनडाने घालावी. बुलच्या वेळी ती संधी गेली होती.

आपल्याकडे १९९९ च्या तोफखाना योजनेत ८१४ ट्रकवरच्या तोफांची गरज नोंदली होती. मार्च २०२५ मध्ये भारत फोर्ज आणि टाटांशी ३०७ अटॅग्ज तोफांचा करार झाला, पण त्या ओढायच्या. अटॅग्जची ५२ कॅलिबरची नळी पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेच्या रचनेची, आणि तीच आठ चाकी ट्रकवर चढवण्याचे काम अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेने केले आहे. भारत फोर्जनेही चार चाकी गाडीवरची १५५ मिलिमीटरची तोफ तयार केली आहे. नळी आणि चाके दोन्ही आपल्याच दोन शेजारच्या जिल्ह्यांत आहेत. या तोफेची बातमी वाचाल तेव्हा पल्ल्याच्या आकड्यावर थांबू नका. तोफ थांबल्यापासून पहिला गोळा सुटेपर्यंत किती सेकंद लागतात, शेवटचा गोळा सुटल्यापासून निघेपर्यंत किती, आणि त्या वेळात किती माणसे केबिनच्या बाहेर असतात, ते विचारा.